'शीळ' शब्दाचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत 'श'चा खंड छपाईला जायला चार दिवस उरले होते आणि कोशकार 'शीळ'पाशी अडून बसले होते. जुन्या कार्डावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'ध्वनीवरून आलेला शब्द.' कोशकारांना ते पटेना. शीळ खरंच 'शी' अशी वाजते का? स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अडचण एवढीच, की अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना एकदाही शीळ घालता आली नव्हती.

घरी आरशासमोर त्यांनी ओठांचा चंबू केला, तर नुसतं 'फू' निघालं. चहा फार गरम झालाय का, असं बायकोने आतून विचारलं.

मग त्यांनी कचेरीची खिडकी गाठली. तिसऱ्या दुपारी, ध्यानीमनी नसताना, खणखणीत शीळ निघाली. नेमक्या तेव्हाच खालून संचालकबाई येत होत्या. त्यांनी मान वर केली. कोशकार झटकन टेबलाखाली बसले आणि तिथेच चुकले. उभे राहिले असते तर निदान पांढरे केस तरी दिसले असते.

पाच मिनिटांत बोलावणं आलं. दाराशी सगळी कचेरी गोळा झाली.

"शीळ तुम्ही घातलीत?"

"व्युत्पत्तीसाठी, बाई."

"मग घाला पुन्हा."

कोशकारांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि कोरड्या तोंडाने शीळ वाजत नाही हे ज्ञान त्यांना त्या क्षणी झालं. त्यांची कीव येऊन मुद्रितशोधकाने शीळ घातली. ती 'सुई' अशी वाजली. टंकलेखिका म्हणाली, असं नसतं, आणि तिने 'फिऊ' काढून दाखवलं. दहा मिनिटांत अख्खी कचेरी ओठांचा चंबू करून उभी होती. 'शी' मात्र कोणाचीच वाजेना.

शेवटी बाई उठल्या. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली. पुढे जे झालं त्याने खाली रस्त्यावरची बस थांबली.

"ही शिट्टी," रुमालाने बोटं पुसत बाई म्हणाल्या. "तुमची ती शीळ. कार्डं दोन करा."

कोशकार भारावून गेले होते. त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, ही आली कुठून?"

"चार भावांच्या पाठीवरची एकटी बहीण मी. हाक मारली तर कोणी वळून बघत नसे."

कोशकारांनी कोरं कार्ड पुढे ओढलं आणि व्युत्पत्तीच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.

"ते नका लिहू," बाई म्हणाल्या.