पळस फॉन्टमधलं भेकर

एका जंगलात, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, पाणवठा कार्यालयातला जुना संगणक बंद करण्यात आला. त्या वेळी तो चालू होता.

मुलांनो, हे नीट ऐका. तो बिघडलेला नव्हता. बिघडला असता तर कोणीतरी दुरुस्त केला असता. चालू असल्यामुळे त्याच्यासाठी काहीच करता येईना, म्हणून तो बंद केला.

त्याचं काम एकच होतं. उन्हाळ्यात वरच्या डोहावर कोणी किती वाजता पाणी प्यायचं, ती यादी त्याच्यात होती. तीनशे बारा जनावरं, तीनशे बारा ओळी. खालच्या डोहाला यादी नव्हती. तिथे मगर होती.

हा संगणक साळूबाई काटेकर नावाच्या साळिंदरीने बावीस वर्षं सांभाळला. त्याच्या आतल्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. त्यामुळे रोज सकाळी त्याला वाटायचं, आज एक जानेवारी. साळूबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्याला खरी तारीख सांगायच्या. पंख्यात धूळ बसली की स्वतःच्या गळलेल्या काट्याने कोरून काढायच्या. इंटरनेट त्यांनी त्याला कधी दाखवलंच नाही. "त्याला बाहेरचं सोसत नाही," असं म्हणायच्या.

आधुनिकीकरण विभागाचे प्रमुख एक मोर होते. त्यांना सगळे पिसारेसाहेब म्हणत.

"बाई, या यंत्राचा कंपनीचा सपोर्ट संपला," ते म्हणाले.

"कंपनीचा संपला असेल, साहेब. माझा चालू आहे."

"ते असुरक्षित आहे."

"कोणाला? त्याची वायर या भिंतीपलीकडे जात नाही."

पिसारेसाहेबांनी पिसारा फुलवला. चर्चा संपली, असा त्याचा अर्थ होता.

मग यंत्राचं निर्लेखन झालं. हा कार्यालयातला शब्द आहे, मुलांनो. वस्तू डोळ्यांसमोर असते, पण कागदावरून पुसलेली असते. निर्लेखित संगणक पॅसेजमध्ये ठेवला, आणि टेबलावर नवा, चपटा, चकचकीत संगणक आला. यादी त्याच्यात उतरवली. पिसारेसाहेबांनी ती उघडली आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर साळूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. यादीत एकही नाव वाचता येत नव्हतं.

झालं होतं असं. ती यादी पळस नावाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. जुने मराठी फॉन्ट असेच असायचे. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा वेश. नव्या यंत्रात पळस नव्हता, म्हणून वेश उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेवा भेकरे डोहाच्या फाटकावर आली. भेकरीण गाभण होती. फाटकावर रानडुक्कर होता.

"नाव?"

"रेवा भेकरे."

त्याने नव्या संगणकाला जोडलेल्या फाटकावरच्या पडद्यावर यादी वर-खाली केली. "नाही."

"अहो डुक्करभाऊ, सहा वर्षं येतेय. कालसुद्धा आले होते. ओळखता ना मला?"

"मी ओळखतो. हा ओळखत नाही."

साळूबाई धावत आल्या. "सत्त्याहत्तरावी ओळ बघा. तीच हिची."

डुकराने ओळ बघितली. मग एकेक चिन्ह वाचून दाखवलं. "टोपीवाला ए. अर्धा कंस. टक्का. दोन टिंबं." त्याने मान वर करून रेवाकडे पाहिलं. "बाई, तुझं नाव टक्का आहे का?"

"नाही हो."

"मग नाही."

साळूबाई थेट पिसारेसाहेबांकडे गेल्या. "नव्या यंत्रात पळस टाका, साहेब. दहा मिनिटांचं काम. मीच टाकते."

"बाहेरचं काही टाकलं की वॉरंटी जाते."

"मग यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, ते कुठल्याही यंत्राला वाचता येतं."

"तो धोरणात्मक निर्णय आहे. समिती बसवावी लागेल."

समिती दुपारीच बसली. ठरलं की यादी बिनचूक आहे, तिला हात लावायचा नाही. चूक नावांत आहे. तेव्हा ज्याला पाणी हवं, त्याने आपलं जुनं नाव आणि पडद्यावरचं नाव ही एकाच जनावराची आहेत, असं प्रतिज्ञापत्र द्यावं.

वडाखाली एक खार टाइपिंग करायची. हात फार स्वच्छ. रेवाने तिच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि ते नव्या संगणकात चढवलं. मुलांनो, खारही पळसमध्येच टाइप करायची.

पिसारेसाहेबांनी पडद्यावर बघितलं. "म्हणजे तुम्ही शपथेवर सांगताय की टक्का आणि टक्का एकच आहेत. ते आम्हाला मान्यच आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

गुरुवारी दुपारी साळूबाईंनी पॅसेजमधल्या संगणकाची वायर लावली. तो गुरगुरला, खोकला आणि सुरू झाला. त्यांनी त्याला तारीख सांगितली. यादी उघडली. ओळ सत्त्याहत्तर : रेवा भेकरे, वरचा डोह, सकाळी सहा दहा. जुन्या प्रिंटरने करकर करत कागद बाहेर काढला. रेवाने आपलं नाव दोनदा वाचलं. तिचे ओठ सुकून फाटले होते.

"मावशी, आता देतील ना?"

"न देऊन सांगतात कोणाला? चल."

पिसारेसाहेबांनी कागद उलटसुलट केला. "हे कुठून काढलं?"

"जुन्या संगणकावरून."

"तो निर्लेखित आहे."

"पॅसेजमध्ये आहे, साहेब. सकाळी तुम्ही त्याच्यावर डबा ठेवला होता."

"बाई, जे यंत्र नाही, त्यातून निघालेला कागदही नाही." आणि त्यांनी तो कागद परत दिला. नसलेला कागद फाडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ज्यांचे पाय चालत होते ती जनावरं डोंगरापलीकडच्या नदीवर जाऊ लागली. रेवाचे पाय तेवढं चालत नव्हते. शुक्रवारी ती खालच्या डोहावर गेली.

मगरीकडे संगणक नव्हता. तिने नाव विचारलं नाही.

रेवाचा अर्ज 'अर्जदार गैरहजर' असा शेरा मारून बंद करण्यात आला.

शनिवारी सकाळी साळूबाई फाटकावर गेल्या. सहा वाजून दहा मिनिटं झाली, आणि पडद्यावरची सत्त्याहत्तरावी ओळ हिरवी झाली. हिरवी म्हणजे पाणी प्यायलं. फाटकात कोणीही नव्हतं.

"हे हिरवं कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"मी नाही," डुक्कर म्हणाला. "वरून होतं."

पुढच्या सोमवारी दरबार भरला. पिसारेसाहेबांनी वाघमहाराजांना अहवाल वाचून दाखवला. तीनशे बारा ओळी, तीनशे बारा हिरव्या. पाणीवाटप शंभर टक्के, तक्रारी शून्य. दरबाराने माना डोलावल्या.

साळूबाई उभ्या राहिल्या. त्यांचे काटे उभे होते. "महाराज, सत्त्याहत्तर नंबरची भेकरीण मेली. मेल्यापासून ती एकही खाडा न करता पाणी पितेय. तिच्या नावावर कोण पितंय, तेवढं विचारा."

महाराजांनी पिसारेसाहेबांकडे पाहिलं.

"बाई जुन्या आहेत, महाराज," पिसारेसाहेब हळूच म्हणाले.

"अस्सं," महाराज म्हणाले. "सपोर्ट आहे का त्यांना?"

दरबारात कोणीच हात वर केला नाही. दुसऱ्या दिवसापासून साळूबाईंची खुर्ची पॅसेजमध्ये ठेवण्यात आली.

तात्पर्य : मुलांनो, बिघडलेल्या यंत्राला घाबरू नका, ते निमूटपणे पडून राहतं. चालणारं जुनं यंत्र मात्र दिसताक्षणी बंद करा, कारण त्याला नावं वाचता येतात. आणि आपलं नाव पडद्यावर वेगळं दिसलं तर तेच आपलं नाव समजून गप्प बसा. वरच्या डोहाचं पाणी त्या मंगळवारपासून दोन हात उतरलं आहे. त्या मंगळवारपासून फाटकातून एकाही जनावराला आत सोडलेलं नाही.