शेवटच्या डब्यातला माणूस

रोज सकाळी सव्वासातला दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर एकाहत्तर वर्षांचा एक माणूस उभा राहतो, शिट्टी फुंकतो आणि गंगेतून निघालेल्या होड्यांना हिरवी झंडी दाखवतो. हे काम त्याला कोणी दिलेलं नाही. होड्या त्याआधीही जात होत्या आणि तो आजारी पडला तरी जातील. पण त्याला सर्दी झाली होती त्या तीन दिवसांत लालजी नावाडी स्वतः जिना चढून वर आला आणि म्हणाला, "भैया, आप नहीं दिखाते तो लगता है कुछ छूट गया है." काशीत माणसाला याहून मोठा मान मिळत नाही. पद्म पुरस्कार मिळतात, पण ते दिल्लीला.

या माणसाचं नाव मोरेश्वर खांबेटे. सगळे त्यांना मोरूभैया म्हणतात. मोरू आमचं, भैया इथलं. पाच-सहा पिढ्या काशीत काढलेली मराठी माणसं अशी जोडकामातच तयार होतात. मीही त्यातलाच. एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि मोरूभैयांच्या समोरच्या घरात राहतो. आमच्या दोन घरांमधली गल्ली इतकी अरुंद आहे की कमलकाकू, म्हणजे मोरूभैयांची बायको, खिडकीतून हात लांब करून मला आमटीची वाटी देतात. मी वाटी रिकामी करून परत देतो तेव्हा म्हणतात, "अरे, विसळलीस कशाला? माझ्यावर भरोसा नाही का?"

मोरूभैया मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं मुगलसरायच्या यार्डातून गया, कोडरमा, गोमो आणि परत. आपण प्रवासी लोक गाडी पुढून ओळखतो, पण गार्ड शेवटच्या डब्यात असतो. एकटा. पुढे अठ्ठावन्न वाघिणी कोळसा आणि त्यापुढे कुठेतरी, दिसलाच तर वळणावर, इंजिनचा ड्रायव्हर. यातून मोरूभैयांचं सगळं तत्त्वज्ञान निघालं आहे. ते दोन वाक्यांचं आहे, म्हणून लक्षात राहतं. पहिलं, "सगळे पुढे बघतात, मागे कोण बघणार?" आणि दुसरं, "माल चांगला. माल बोलत नाही."

पॅसेंजर या जमातीवर त्यांचा जुना राग आहे, आणि त्याला कारणही आहे. मालगाडीला कोणी विचारत नाही. मागून पॅसेंजर गाडी आली की मालगाडीला बाजूच्या लूप लाइनवर उभी करतात. दोन तास, पाच तास, कधी दिवसभर. "देशाचा कोळसा ऊन खात उभा," मोरूभैया सांगतात, "आणि पुढून काय जातंय? कुणाची तरी वरात!"

आता गंमत अशी की गेल्या काही वर्षांत आमच्या गावाला बरकत आली ती सगळी पॅसेंजरमुळे. पूर्वी काशीला लोक मरायला येत. आता फोटो काढायला येतात, आणि हा बदल एकंदरीत चांगला आहे असं माझं मत आहे. नदीत दुमजली क्रूझ फिरते. धूर ओकणाऱ्या इंजिनांच्या जागी गॅसवरची इंजिनं आली, त्यामुळे पहाटे आता नावाड्यांच्या शिव्या स्पष्ट ऐकू येतात. पलीकडे रामनगरच्या बाजूला मालाची जेटी झाली, म्हणजे कागदोपत्री आम्ही आता बंदराचे रहिवासी आहोत. आणि गल्लीतल्या ज्या वरच्या मजल्यांवर कालपर्यंत माकडं राहत होती तिथे गेस्टहाउसच्या पाट्या लागल्या. ज्या खोलीतून गंगा दिसते ती 'गंगा दर्शन'. जिच्यातून काहीच दिसत नाही ती 'ध्यान कक्ष'.

उद्घाटनं तर विचारू नका. मागच्या थंडीत शेजारच्या घाटावर एका नव्या होडीचं उद्घाटन होतं. बँड, झेंडूच्या माळा, फेटे, प्रमुख पाहुण्यांचं 'नवी पहाट' या विषयावर भर दुपारी भाषण. फीत कापली, पाहुणे होडीत चढले, इंजिन सुरू झालं, बँडने सूर धरला. होडी जागच्या जागी थरथरत राहिली. चालकाने जोर वाढवला. होडी आणखी थरथरली. पाहुणे हात हलवत राहिले. एवढ्यात गर्दीतून कर्कश शिट्टी आली. मोरूभैया पायऱ्या उतरून गेले आणि होडीच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवून उभे राहिले. मागचा दोर खुंटाला बांधलेला होता. दोर सुटल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हिरवी झंडी दाखवली आणि घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "पन्नास माणसं. पन्नास पुढे बघत होती."

तर अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी कमलकाकूंनी सांगितलं, की वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या.

"मी पॅसेंजर घेत नाही," मोरूभैया म्हणाले.

"तुम्ही नका घेऊ. मी घेते. मला बोलायला माणूस पाहिजे."

"मी आहे."

"तुम्ही?" काकू माझ्याकडे वळल्या. वाद निकालात काढायचा असला की त्या माझ्याकडे वळतात. "अरे, हे म्हणजे पार्सल आहे. नोकरीत होते तेव्हा तीन दिवसांनी यायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. वाटायचं, रिटायर झाले की बोलतील. नऊ वर्षं झाली रिटायर होऊन. काल दिवसभरात काय बोलले माहितेय? सकाळी 'चाय', दुपारी 'हं' आणि संध्याकाळी 'वीज गेली'. वीज गेलेली मलाही दिसत होती!"

मोरूभैया यावर "हं" म्हणाले.

मेघा, त्यांची मुलगी, पुण्याला असते. तिचं म्हणणं होतं की एवढ्या घरात दोघंच राहण्यापेक्षा इकडे या. काकूंनी तिला उत्तर दिलं, आधी खोल्या चालवून बघते. माणसं आली-गेली, घर बोलतं झालं तर इथेच राहीन.

खोल्या चालल्या, आणि का चालल्या ते काकूंनाही अजून कळलेलं नाही. मोरूभैयांनी 'ड्यूटी' हाती घेतली. पॅसेंजर घ्यायचेच तर नियमाने. दोन खोल्यांना त्यांनी 'अप लूप' आणि 'डाउन लूप' अशी नावं दिली आणि दारांवर रंगवली. पाहुणा उतरला आणि खोली झाडून व्हायची असली की त्याला जिन्याखालच्या बाकावर बसवून म्हणायचे, "थांबा. मी चौतीस वर्षं थांबलोय." निघताना पाहुण्यांना गल्लीत एका रांगेत उभं करायचं, मागून पुढे चालत जाऊन प्रत्येक बॅगेची चेन ओढून बघायची, डोकी मोजायची आणि मग शिट्टी, झंडी. हैदराबादच्या एका जोडप्याने याचं चित्रीकरण करून कुठेतरी टाकलं. तेव्हापासून माणसं खास त्यासाठी येतात. एकाने लिहिलं, 'काशीचा अस्सल पारंपरिक निरोप समारंभ.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा मोरूभैया खरंच दुखावले. "समारंभ कसला? मागचा कप्पा उघडा होता त्याचा."

काकू पहिल्या हंगामात इतक्या बोलल्या की त्यांचा घसा बसला. थालीपीठ वाढता वाढता नागपूरच्या, बेळगावच्या, इंदूरच्या बायकांचे संसार त्यांना तोंडपाठ झाले. पण या दिवाळीनंतर मी पाहिलं, त्या पुन्हा गप्प होऊ लागल्या.

"येतात, बोलतात, जातात," त्या एकदा खिडकीतून म्हणाल्या. "दर वेळी नाव, गाव, मुलं किती, इथूनच सुरुवात. बोलणं पुढे जातच नाही रे. हे समोर बसलेले असतात, यांना सगळं माहीत असतं, आणि हे तोंड उघडत नाहीत."

मग मेघाचा फोन आला. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होत होता. जिना नाही, शेजारी चार मराठी बायका, संध्याकाळी बागेत गप्पा. मालक रविवारपर्यंत थांबायला तयार होता. काकूंनी मला हे सगळं नीट सांगितलं आणि म्हणाल्या, "मी हो म्हणणार आहे."

"आणि मोरूभैया?"

"त्यांना सांगितलं. 'बरं' म्हणाले. यायचं तर येतील. शेवटचा डबा मागे येतोच."

त्या हसल्या, पण वाटी परत घ्यायला विसरल्या.

त्याच आठवड्यात 'डाउन लूप'मध्ये सांगलीचे कुलकर्णी मास्तर उतरले होते. ऐंशीच्या पुढचे, एकटे, आणि जवळजवळ ठार बहिरे. कानातलं यंत्र होतं, पण ते प्रवासात बिघडलं होतं. काकूंनी पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करून सोडून दिला. मोरूभैयांना मात्र ते पसंत पडले. दोघं सज्जात शेजारी खुर्च्या टाकून नदीकडे बघत बसत. तीन दिवस त्या सज्जातून एक शब्द आला नाही. मला वाटलं, मोरूभैयांना अखेर आदर्श पॅसेंजर मिळाला. जवळपास मालच.

रविवारी सकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात थालीपीठ खात होतो. खरं तर काकूंना एकटं वाटू नये म्हणून गेलो होतो. दहा वाजता मेघाचा फोन यायचा होता. काकू तव्यावर थालीपीठ थापत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. सज्जा स्वयंपाकघराला लागूनच आहे. तिथून मास्तरांचा आवाज आला. बहिऱ्या माणसांना आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही.

"गार्डसाहेब! त्या शेवटच्या डब्यात तुम्ही एकटेच असायचात?"

"हो," मोरूभैया म्हणाले.

"काय?"

"हो!"

"मग दिवस कसा जायचा हो? मी बायको गेल्यापासून एकटा आहे. मला दिवस जाता जात नाही. तुम्ही काय करायचात?"

मोरूभैया काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"बोलायचो!"

"कुणाशी? डब्यात कोण होतं?"

"बायकोशी!" हा आवाज मोरूभैयांचा होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. चालत्या मालगाडीत बोलायला लागत असेल तसा. "बायकोशी बोलायचो!"

"त्या बरोबर असायच्या?"

"नाही! इथे असायची! मी तिकडे बोलायचो!"

खाली घाटावर लालजीने होडी थांबवून वर बघितलं. उलथनं धरलेला काकूंचा हात तव्यावर तसाच राहिला.

"काय बोलायचात?" मास्तरांना खरंच हवं होतं ते. ते खुर्चीत पुढे सरकले असावेत, खुर्ची करकरली.

"सगळं! सिग्नल मिळाला नाही, ते! गयेला पाऊस आहे, ते! मेघाला ताप होता तेव्हा गोमोपर्यंत तेच! डब्यातली वांग्याची भाजी फार चांगली झाली होती, हे कोडरम्याला सांगायचो!"

"आणि घरी आल्यावर?"

"काय घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर नाही सांगायचात?"

मोरूभैयांचीही खुर्ची करकरली. मग म्हणाले, आणि हेही ओरडूनच म्हणावं लागलं, "घरी पोचेपर्यंत सांगून झालेलं असायचं!"

मास्तर म्हणाले, "बरोबर आहे." त्यांना ते खरोखर बरोबर वाटलं असावं.

स्वयंपाकघरात थालीपीठ करपल्याचा वास सुटला. काकूंनी गॅस बंद केला. हातातलं उलथनं खाली ठेवलं, परत उचललं. माझ्याकडे वळतील असं वाटलं, पण वळल्या नाहीत.

"वांग्याची भाजी," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं मला वाटत होतं, यांना वांगं आवडत नाही." आणि सज्जात गेल्या.

मला दारातून मोरूभैयांचा चेहरा दिसला. विनातिकीट पकडलेल्या माणसाचा असतो तसा. काकूंनी वेताचा बुटका मोडा ओढला आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये बसल्या.

"मेघाला ताप होता तेव्हा," त्या म्हणाल्या, "काय बोलायचात?"

"आता आठवत नाही."

"आठवा. मला जल्दी नाही."

मोरूभैयांनी नदीकडे बघितलं. मग हळूच, नेहमीच्या आवाजात, सुरू केलं. मला नीट ऐकू आलं नाही. पण ते थांबत नव्हते. मास्तरांना एक शब्द कळत नसावा, तरी ते मान डोलवत होते.

ओट्यावरचा फोन वाजला. पुण्याचा होता. मी तो हातात घेऊन सज्जाच्या दाराशी गेलो. काकूंनी मान न वळवता मागे हात केला, गल्लीतली पोरं दंगा करतात तेव्हा करतात तसा.

"तिला सांग, नंतर करते. हे बोलतायत."

मी मेघाला तेच सांगितलं.

"कोण?" ती म्हणाली. "बाबा?"