अण्णा निघोजकर आणि पहिली डिव्हिजन

जिंकल्याबद्दल शिव्या खाव्या लागतात, हे मला अण्णा निघोजकरांनी शिकवलं. हरलो की हा माणूस एक अक्षर बोलत नसे. पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढायचे, प्रत्येकाच्या हातावर मूठभर ठेवायचे आणि घरचा रस्ता धरायचा. पण जिंकलो की आमची धडगत नसे. मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली अकराही जणांना ओळीत बसवून अण्णा तासभर फैलावर घेत.

"चार गोल झाले म्हणून नाचताय? सहा व्हायला हवे होते! ते दोन काय तुमच्या मावशीनं येऊन करायचे?"

मी लेफ्ट आऊट होतो आणि पुढे कप्तान झालो, त्यामुळे माझ्या वाट्याला दुप्पट शिव्या यायच्या. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या लिंबाखालचं आठवलं की माझं डोकं सणकतं. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. बोलतो ना. पण आधी जे भोगलं ते सांगू द्या.

अण्णा नगरच्या कोर्टात नक्कलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या खटल्यांच्या कागदांच्या नकला करायच्या, हा धंदा. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, कानामागे टाक. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आणि जन्मात कधी चेंडूला पाय लावलेला नाही. एकदा लावला होता म्हणे, तेव्हा चेंडू जागीच राहिला आणि वहाण गोलात गेली. असा माणूस आमच्या जयमल्हार फुटबॉल मंडळाचा चिटणीस, खजिनदार, शिक्षक आणि धोबी होता. चेंडूचं ब्लॅडर तोंडाने फुगवायचं, त्याच्या तोंडाची वादी आवळायची, कातड्याला एरंडेल चोळायचं, सगळं स्वतः. दुसऱ्या कुणी हात लावला तर अंगावर येत.

बोलणं सगळं कोर्टातलं. समोरचा संघ म्हणजे 'प्रतिवादी'. रेफ्रीने ढकलाढकली पाहिली नाही की अण्णा आमच्याच गोलामागून ओरडायचे, "रेकॉर्डवर घ्या! हे रेकॉर्डवर घ्या!" रेफ्री बिचारा हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. तो कशावर घेणार?

लढाई संपल्यानंतरचे ते दिवस. नगरच्या लीगमध्ये दोन डिव्हिजन होत्या. पहिली डिव्हिजन लष्कराच्या कॅम्पात खेळायची. तिथे हिरवं मैदान, गोलाला जाळी, पलटणींचे संघ, खुर्च्यांवर साहेब लोक. दुसरी डिव्हिजन आम्ही. आमचं मैदान म्हणजे आठवडे बाजाराची बैल बांधायची जागा. खुंट्यांची भोकं बुजवल्याशिवाय सामना सुरू होत नसे, आणि शेणात घसरून पडला तर रेफ्री शिट्टी वाजवत नसे, हसत असे. नियम साधा होता. दुसरीत जो पहिला येईल तो वर जाणार, आणि पहिलीतला शेवटचा आमच्यात, शेणात येणार.

तीन वर्षं ओळीने आम्ही दुसरे आलो. एकदा एका गुणाने, एकदा एका गोलाने, आणि एकदा बरोबरीत असताना आमचा गोली पाणी प्यायला गेला म्हणून. त्या गोलीशी अण्णा पुढे कधी बोलले नाहीत. त्याच्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, जेवले, पण बोलले नाहीत.

चौथ्या वर्षी मात्र अण्णांच्या अंगात आलं. पहाटे सरावाला बोलावू लागले. सामन्याच्या दिवशी कांदा खायला बंदी. राजूरच्या बाजूचा बुधा नावाचा एक गडी नगरात लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याला अण्णांनी फुल बॅक म्हणून आणला. बुधा अनवाणी खेळायचा आणि मैदानाच्या मध्यावरून मारलेला चेंडू गोलावर न्यायचा. अण्णा त्यालाही सोडत नसत. "बुधा, तो चेंडू आहे, ओंडका नव्हे!" बुधा शांतपणे म्हणायचा, "अण्णा, तुमी वरडा. आमाला वारा आला की लई बरं वाटतं."

मला ती शांती कुठून येणार? मला पाहायला, म्हणजे माझं जमवायला, श्रीगोंद्याहून पाहुणे यायचे होते, तो दिवस नेमका सरावाचा निघाला. मी गेलो नाही. तर हे गृहस्थ भर बैठकीत आमच्या घरात शिरले. पोह्यांच्या बश्या लोकांच्या हातात, आणि अण्णा माझ्या वडिलांना म्हणतात, "नाना, मुली दर वर्षी मिळतात. लीग मिळत नाही." पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. ते लग्न मोडलं ते मोडलंच. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मी अण्णांशी. सराव मात्र चुकवला नाही, कारण वर जायची आग आता मलाही लागली होती.

शेवटचा सामना छापखान्याच्या संघाशी पडला. दोघांचे गुण सारखे, जो जिंकेल तो वर. माझा उजवा गुडघा महिनाभर कुरकुरत होता, तरी खेळलो. संपायला पाच मिनिटं असताना बुधाने मध्यावरून लाथ घातली आणि चेंडू त्यांच्या गोलीच्या हातांसकट आत गेला. एक-शून्य! माणसं मैदानात शिरली, कुणी गुलाल आणला, बुधाला खांद्यावर घेतलं. अण्णांनी आम्हाला लिंबाखाली बसवलं. "एक गोल! वर पलटणी आहेत पलटणी. एका गोलावर तिथे काय दिवे लावणार आहात?" मी त्या दिवशी हसलो. वाटलं, बोला अण्णा, आज काय वाटेल ते बोला.

आता खरा रागाचा भाग.

कॅम्पातला आमचा पहिला सामना आला. धुतलेले सदरे, तेल लावलेला चेंडू, मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी, सगळं अण्णांनी बुधाच्या हाती वेळेवर पाठवलं. अण्णा आले नाहीत. गोलामागे कुणी ओरडेना. आम्ही आईपासून चुकलेल्या वासरांसारखे हिंडत होतो. पाच-शून्यने हरलो, आणि त्या दिवशी गूळही नाही, शेंगदाणेही नाहीत.

मी तडक अण्णांच्या खोलीवर गेलो. ते नुकतेच बाहेरून आले असावेत, वहाणा दारातच होत्या.

"अण्णा, का नाही आलात?"

"कोर्टाचं काम होतं."

"रविवारी?"

अण्णा टाक पुसत बसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "चार वर्षं आमच्या छातीवर बसलात, माझं लग्न मोडलंत, आणि वर चढवून आता पळालात! साहेबांच्या खुर्च्यांसमोर उभं राहायला पाय लटपटतात तुमचे. शिव्या द्यायला आम्ही गरीब सापडलो होतो!"

मला वाटलं होतं, टाक फेकून मारतील. त्यांनी मान वर केली नाही. "बुधाला सांग, चेंडूची वादी मी उलट बांधलीय," एवढंच म्हणाले. मी दार आपटून आलो. दुसऱ्या सामन्यालाही ते आले नाहीत. संघातल्या पोरांना मी सांगून टाकलं, अण्णांचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही.

तिसऱ्या सामन्याच्या वेळी माझा गुडघा इतका सुजला की मी बाहेर बसलो. कप्तान म्हणून नावांची यादी तेवढी मैदानातल्याच लीगच्या कचेरीत द्यायची होती. तिथला हवालदार आमच्या मंडळाची फाईल काढून यादी लावत होता, आणि वरच्याच कागदावर मला अण्णांचं अक्षर दिसलं. कोर्टातलं ते मोत्यासारखं अक्षर, सगळ्या नगरात दुसरं नव्हतं.

तो माफीनामा होता. आम्ही जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

हवालदार साताऱ्याकडचा होता. त्याने सांगितलं, "लई वर्सांमागं तुमच्या त्या म्हाताऱ्यानं हितं मॅच बघाया आला असताना आत घुसून रेफ्री साहेबाच्या तोंडातली शिट्टी हिसकली आन् नाल्यात फेकली. तवापास्नं त्यांना बंदी. कमिटी म्हनली, त्यो मानूस ज्या मंडळात हाय ते मंडळ वर घेनार न्हाई. मग आले, लिवून दिलं, गेले."

मी वाचू लागलो. 'कारणे लिहून देतो की, जयमल्हार मंडळाशी माझा काडीमात्र संबंध राहिलेला नाही. सदर मैदानात मी पाऊल ठेवणार नाही, तेथे वहिवाट करणार नाही, सदर मंडळाच्या सामन्यांचे कोणत्याही ठिकाणाहून अवलोकन करणार नाही. हे मजवर व माझ्या वालीवारसांवर बंधनकारक राहील.'

"अवलोकन करायलाही बंदी?" मी ओरडलोच.

"आमी कुटं म्हनलं? आमी म्हनलं, आत येऊ नका, बास. बाकीचं त्यांनीच आपल्या मनानं लिवलं."

हे मात्र अण्णाच करू जाणे. जन्मभर शेताच्या बांधांच्या आणि सामाईक विहिरींच्या भांडणातले कागद उतरवले. स्वतःची माफी लिहायची वेळ आली तेव्हा हात सवयीने चालत गेला आणि स्वतःलाच बांधून मोकळा झाला. वर वालीवारस! या माणसाला वारस कोण होतं? आम्ही अकरा गाढवं, आणि आम्ही तर दर सामन्याला आत जात होतो.

मला इतका राग आला की कागद फाडावासा वाटला. त्या कमिटीचा राग आला, हवालदाराचा आला, अण्णांचा आला, आणि मी त्यांच्या खोलीत जे बोललो त्याचा सगळ्यात जास्त आला. सामना सुरू झाला होता. मी लंगडत फाटकाबाहेर पडलो, अण्णांच्या घरी जायचं म्हणून. मैदानाच्या कडेने भिंगारच्या रस्त्याला लागलो, तर मेंदीच्या उंच कुंपणाशी एक टांगा उभा. टांगेवाला बैठकीवर उभा राहून आत बघतोय आणि खाली, कुंपणाकडे पाठ करून, काळी टोपी.

"अरे, नुसतं 'पळत्यात, पळत्यात' काय सांगतोस? कोण पळतोय? चेंडू कुणाकडे आहे?"

"आता काळ्या सदऱ्यावाल्याकडं हाय."

"प्रतिवादी! बुधा कुठे आहे? आणि डाव्या कडेला बघ. लेफ्ट आऊट लंगडतोय का? गुडघा धरतोय का मधेमधे?"

"डाव्या अंगाला दुसराच कोनी हाय. मागल्या बारीचा त्यो न्हाई."

अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे सुजला असणार. शेकायला कोण सांगतंय त्याला?"

मी पुढे झालो. मला बघून ते आधी दचकले आणि मग, सवयीने, चिडले. "इथे काय करतोस? कप्तान ना तू?"

"कागद वाचला मी. अण्णा, आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर वर गेला असतात? नसतात गेला. मला सोडून जायचं नाही म्हणून खाली बसला असतात, शेणात. मूर्ख आहात तुम्ही सगळे. चार वर्षं बघतोय मी."

हे खरं होतं. मी टांग्याकडे हात केला.

"बरं, आता चढा टांग्यावर आणि बघा. इथे कोण येतंय बघायला?"

"लिहून दिलंय."

"अहो, पण त्यांनी ते मागितलंही नव्हतं!"

"मागितलं नव्हतं, पण दिलंय ना? सही आहे माझी." मग टोपी सारखी करून म्हणाले, "ऐकण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

टांगेवाल्याने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी त्याला खाली उतरवलं, गुडघा सांभाळत बैठकीवर चढलो आणि सांगायला लागलो. एकेकाचं नाव घेऊन सांगत होतो. अण्णा खालून प्रत्येकाला नावानिशी शिव्या देत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तो खेळ आमचा वाटला.

दहा मिनिटं बरी गेली. मग काळ्या सदऱ्यावाला बुधाच्या बगलेतून निसटला आणि आमच्या जाळीत गोल झाला. कुंपणापलीकडे सगळी पलटण बेंबीच्या देठापासून ओरडली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आपला बुधा पडला होता. उठला."

अण्णांनी त्या आवाजाकडे कान दिला. कॅम्पातली पलटण कधी आणि कशासाठी ओरडते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

"उठला ना?" ते म्हणाले. "मग पुढचं सांग."