एका टेकडीची पूर्वतयारी

निसर्ग हा मुळात घराबाहेर असतो, आणि त्याच्याबाबतच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. हे ज्यांना इतरांच्या आधी कळलं, ते गृहस्थ एका विमा कंपनीत अपघाती दाव्यांच्या विभागाचे प्रमुख होते. लोक त्यांना दावेसाहेब म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून माणसं पडण्याची अकरा हजार प्रकरणं गेली होती: शिडीवरून पडणे, शिडी अंगावर पडणे, शिडी नसताना ती आहे असे समजून पाय ठेवणे (हा प्रकार वाटतो त्याहून बराच लोकप्रिय आहे). अशा माणसाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमकी एक टेकडी दिसावी, हा नशिबाचा खोडसाळपणा म्हणायचा.

टेकडी तशी साधी होती. चढायला पाऊण तास, उतरायला त्याहून कमी. रोज सकाळी काही निवृत्त मंडळी वर जाऊन, राजकारणावर भांडून, धडधाकट खाली येत. त्यांच्यापैकी एकाचाही दावा आजवर विभागाकडे आला नव्हता. साहेबांना हे संशयास्पद वाटे.

साहेबांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवत. बावीस वर्षं बाईंनी फळ्यावर टेकड्या काढल्या होत्या. समोरच्या टेकडीवर मात्र त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी "वर जाऊ या का?" असं विचारलं होतं, आणि साहेब म्हणाले होते, "जाऊ या की. पण नीट तयारी करून." तयारी तेव्हापासून चालू होती.

आता मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. ती जायला तीन रविवार उरले, तेव्हा बाई जेवताजेवता, ताटातून मान वर न काढता म्हणाल्या, "अहो, ही जायच्या आत एकदा तिघं वर जाऊन येऊ. मला बाकी काही नको."

बाईंनी काही मागण्याची संसारातली ही चौथी वेळ. साहेब आतून हलले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक नवी फाइल उघडली.

यादीच्या पहिल्या आवृत्तीत चौसष्ट वस्तू होत्या. शिटी, एक. ती हरवल्यास वाजवायची शिटी, एक. दोन्ही हरवल्यास मारावयाच्या हाका, कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत. गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात साहेब स्वतः गेले.

"कुठे चाललात साहेब?" दुकानदाराने विचारलं.

साहेबांनी दारातूनच बोट दाखवलं. दुकानदाराने टेकडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाच्या गांभीर्याने विचारलं, "दोरी चाळीस मीटरची देऊ की साठ?"

साठ मीटरची घेतली.

पहिल्या रविवारी सहाला निघायचं ठरलं. निघण्यापूर्वी यादी मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक वस्तू मुलीने हात वर करून दाखवायची, असा नियम होता. वाचन दहा वाजून दहा मिनिटांनी संपलं. दहानंतर चढाई सुरू करू नये, असाही नियम होता.

"टेकडी बंद होते का बाबा?" मुलीने विचारलं.

"टेकडी नाही. आपण."

मग तिघांनी बूट घालूनच चहा घेतला.

दुसरा रविवार रंगीत तालमीला दिला. इमारतीचे चार मजले अकरा वेळा चढले की टेकडीची उंची भरते, हा साहेबांचा हिशेब बिनचूक होता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं, तर हेल्मेट घातलेली, कमरेला दोरीने एकमेकांशी बांधलेली तीन माणसं समोरून चाललेली. "लिफ्ट बंद आहे का?" त्यांनी काळजीने विचारलं. बाईंनी आणि मुलीने अकरा फेऱ्या पूर्ण केल्या. साहेबांनी चार केल्या आणि उरलेल्या सातांची तोंडी देखरेख केली. अहवालात शेरा पडला: 'समाधानकारक'.

तिसरा रविवार शेवटचा. मुलीची गाडी मंगळवारी होती.

यादी आता एकशे अठरा वस्तूंवर गेली होती आणि पिशवी एकतीस किलोंवर. पाच पंचावन्नला साहेबांनी ती हॉलमध्ये उचलली. म्हणजे उचलायला घेतली. कमरेत अशी कळ आली की ते जिथे वाकले होते तिथेच राहिले. मुलीने आणि बाईंनी त्यांना तसंच, काटकोनात, सोफ्यावर नेऊन ठेवलं. (वेदनाशामक मलम पिशवीत होतं, तळाशी. वस्तू क्रमांक सात.)

मग बाई खुर्चीवर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. चिडून नाही, सुस्कारा टाकून नाही. रोज शाळेतून आल्यावर सोडाव्यात तशा. साहेबांनी पडलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. जागच्या जागी बसलेल्या बाईला असं पडताना ते पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्ही दोघी जा," ते म्हणाले.

बाईंचे हात थांबले. "आणि तयारी?"

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पाण्याची बाटली घ्या," ते म्हणाले.

दोघी गेल्यावर साहेब काटकोनातच एक खुर्ची रेटत रेटत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले, तीवर टेकले आणि दुर्बीण काढली. दोघी चाळीस मिनिटांत वर पोचल्या. वाटेत दोनदा थांबल्या: एकदा मुलीच्या बुटासाठी, एकदा विनाकारण (या कारणासाठी साहेबांच्या फाइलमधल्या तक्त्यात रकाना नव्हता). माथ्यावर बाईंनी बूट काढले. मोजे काढले. मग मायलेकी शेजारी शेजारी बसल्या, तासभर. मधूनच बाईंचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे कळायला दुर्बीण कमी पडली. साहेबांनी हात हलवला. पलीकडे दुर्बीण दिलेली नाही हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, पण हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही.

दोघी परतल्या त्या धुळीने माखून, कपड्यांना कुसळं लागलेल्या.

"कसं होतं?" साहेबांनी विचारलं.

"वारा होता हो," बाई म्हणाल्या, आणि पाय न धुताच साहेबांच्या कमरेला मलम चोळायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये नोंद झाली: 'वारा. तरतूद नाही.'

मुलगी मंगळवारी गेली. मोहिमेची बातमी मात्र इमारतीत आणि कार्यालयात पसरली, आणि लोक यादीची प्रत मागायला साहेबांकडे येऊ लागले. कौतुक सगळ्यांनाच होतं. आजमितीस यादीच्या सत्त्याऐंशी प्रती वाटून झाल्या आहेत. प्रत नेणाऱ्यांपैकी टेकडीवर गेलेल्यांची संख्या शून्य आहे, अपघातही शून्य आहेत, आणि ही यादी किती परिणामकारक आहे ते साहेब याच आकड्यावरून सिद्ध करतात.

प्रत न्यायला आलेल्यांना चहा बाईच देत. वरून काय दिसतं, असं त्यांना एकानेही विचारलं नाही. आपणही इथवर न विचारताच आलात. तेव्हा आपलं नाव अठ्ठ्याऐंशीव्या क्रमांकावर लिहून घेतलं आहे. प्रत तयार झाली की कळवण्यात येईल.