खुर्चीतून उठण्याची परीक्षा

ऐन परीक्षेच्या सकाळी शेजारच्या कमलकाकू चिरगाँवला बारशाला निघून गेल्या आणि निवेदिताच्या तोंडचं पाणी पळालं. वृद्धसेवेच्या पदविकेची ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकीनं एक ज्येष्ठ माणूस आणायचा, त्याला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवायचं, परत बसवायचं आणि लागलेल्या वेळावरून तो पडण्याचा धोका किती, ते सांगायचं. पास झाली तर सिविल लाइंसमधल्या वृद्धाश्रमात नोकरी पक्की होती. काकूंनी तिच्यासोबत महिनाभर सराव केला आणि ऐन वेळी हात वर केले.

उरले वरच्या मजल्यावरचे नारायणराव. वय अठ्ठ्याहत्तर, आणि सरकारी कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर तपासून निवृत्त झालेले. ते एका शब्दात तयार झाले, तिथंच तिला शंका यायला हवी होती.

"काका, फक्त उठायचं, चालायचं, बसायचं. बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू, बेटा?"

परीक्षेच्या खोलीत मात्र काका बसेचनात. त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, खाली वाकले आणि खिशातून टेप काढला.

"ही अडतीस सेंटीमीटर उंच आहे. तुझ्या पुस्तकात किती?"

"शेहेचाळीस," ती पुटपुटली. नोकरी तिला दारातून बाहेर जाताना दिसू लागली.

कानपूरहून आलेले परीक्षक वैतागले. "भाईसाहब, कुर्सी तो कुर्सी है. सुबह से आठ लोग बैठ चुके हैं."

"तो आठों की रिपोर्ट ग़लत है, साहब. नीची कुर्सी से उठने में देर लगती ही है," नारायणराव शांतपणे म्हणाले.

दाराबाहेर तपासून झालेली एक म्हातारी ते ऐकत होती. पडण्याचा धोका जास्त, असा शेरा मिळालेली ती थेट आत आली. "हमें लिख दओ कै गिर जैहौ. हम तो रोज किले तक जात."

तिच्यामागून बाकीचे सातही आले आणि खोलीत बाजार भरला. परीक्षकांचा संयम सुटला. "लीजिए, मैं बैठकर दिखाता हूँ," म्हणत ते खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. एकदा जोर लावला, दोनदा लावला, पण देह काही सुटेना.

सवयीनं निवेदितानं घड्याळ कधीच सुरू केलं होतं. कुणीतरी त्यांचा हात धरून ओढायला निघालं, तशी ती आडवी आली. "खींचना नहीं. सर, थोड़ा आगे खिसकिए. पैर पीछे लीजिए. अब आगे झुककर उठिए."

परीक्षक अलगद उभे राहिले.

"सिर्फ़ उठने में इकतीस सेकंद," ती म्हणाली. आता तिला कसलीच भीती उरली नव्हती. "धोका ज़्यादा दिखता है, सर, पर दोष कुर्सी का भी है. सही कुर्सी पर दोबारा जाँच होनी चाहिए. आपकी भी, इन आठों की भी."

परीक्षकांनी घाम पुसला, शिपायाला दुसरी खुर्ची आणायला पाठवलं आणि निवेदिताचा कागद पुढे ओढला. ज्येष्ठाच्या नावाच्या रकान्यात नारायणराव लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडलं, तिथं स्वतःचं नाव घातलं, वय चौपन्न लिहिलं आणि त्याखाली गुण दिले, पन्नासपैकी पन्नास.