डाव्या कानाची खाच

बोकडाच्या डाव्या कानाला, टोकापासून बरोबर दोन बोटं खाली, एक खाच होती. गव्हाच्या दाण्याएवढी रुंद आणि त्याच्या दुप्पट खोल. सोमवारी सकाळी केसरीनाथनं ती पाहिली आणि बोकडाला नोंदवहीत ‘योग्य’ म्हणून चढवलं. मंगळवारी तीच खाच पुन्हा समोर आली. बुधवारी आली तेव्हा बोकडानं मान वर करून केसरीनाथकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

कापलेलं जनावर दुसऱ्या दिवशी चालत येत नाही, एवढं शास्त्र केसरीनाथ शिकला होता. तो बी.एस्सी. होता.

त्या दिवशी त्यानं मोजदाद केली. दारातून आत गेली एक्केचाळीस. मटणावर जांभळे शिक्के मारले ते चाळीस.

“एक जनावर रोज नाहीसं होतंय,” संध्याकाळी पडघ्याला घरी पोचल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. “तपासून घ्यायचं आणि पळवायचं. ही टोळी मी पकडणार, तुळजा. मग बघू मला कोण तात्पुरता ठेवतो ते.”

“कुणाला विचारलंत का, बोकड कुठं जातो ते?”

“विचारलं की समोरचा सावध होतो.”

दूधवाल्याला न विचारता दुधात लॅक्टोमीटर बुडवणारा आणि किराणा घरी आणून पुन्हा तोलणारा हा माणूस तुळजाला नवा नव्हता.

केसरीनाथ साडेपाच वर्षं भिवंडीच्या नगरपालिकेत तात्पुरता होता. दर सहा महिन्यांनी नवा हुकूम निघायचा. चालू हुकूम एकतीस जुलैला संपणार होता, आणि यंदा नोकरकपातीची कुजबूज होती. कायम करण्याची फाईल मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पडून होती. साहेब तिच्याकडे बघून दर वेळी एकच शब्द बोलत. “बघू.”

इतके दिवस तो डासांच्या खात्यात होता. पण कत्तलखान्याचे नवे उपनियम आले आणि सोमवारपासून त्याला तिथं तपासनीस म्हणून पाठवलं. उपनियम त्याला पाठ होते. कलम सात : जनावरास ओढू नये, मारू नये, भेदरवू नये. कलम अकरा : नोंदवहीत चढलेलं जनावर जिवंत बाहेर जाऊ नये. पुढच्या दाराशी जनावरं तपासायची आणि शेवटी मटणावर शिक्के मारायचे, हे त्याचं काम. मधला वेळ तो भिंतीकडे तोंड करून, नाकाला रुमाल लावून उभा राही. मध्ये काय होतं ते त्यानं पाहिलेलं नव्हतं.

गुरुवारी तो मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीआड लपला. थोड्या वेळानं मागचं दार किलकिलं झालं, आणि खाचवाला बोकड चणे चघळत, सासुरवाडीहून निघालेल्या जावयासारखा बाहेर आला. गळ्यात घंटा. पाठोपाठ कत्तलखान्याची झाडूवाली धोंडूबाई आली आणि तिनं दार ओढून घेतलं.

केसरीनाथनं झेप टाकून कान धरला. बोकडाचा.

“अवो सायेब, सोडा त्याला. त्यो आपला हाय.”

“आपला म्हणजे कुणाकुणाचा?” केसरीनाथनं वही काढली.

“समद्यांचा. त्याचं काम झालं, आता त्यो घरी चाललाय. ऐकून तर घ्या.”

“जबाब नंतर घेईन. आत्ता बोललात तर तुमच्यावरच शेकेल.”

धोंडूबाईनं झाडू उचलला. केसरीनाथनं बोकड कत्तलखान्यातल्या आपल्या खोलीत टेबलाच्या पायाला बांधला, घंटा काढून खणात ठेवली आणि चिठ्ठी लावली : मुद्देमाल. मग पाच पानी अहवाल घेऊन तो मुख्याधिकारी साहेबांकडे गेला.

साहेबांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि अहवाल काचेच्या गोळ्याखाली सरकवला. “बघू.”

शुक्रवारी गटारी होती. श्रावण लागायच्या आत भिवंडीला मटण हवं होतं. मटणवाल्या हिरामणच्या दुकानापुढं उजाडल्यापासून पिशव्यांची रांग लागली होती. केसरीनाथनं कत्तलखान्यात शिरताच पहिला हुकूम सोडला. “मागचं दार सताड उघडं राहील. त्याला धोंडा लावा. बंद दारामागचे धंदे आजपासून बंद.”

धोंडूबाईनं धोंडा लावला. “आन् दार कोन सांबाळंल?”

“कुणी हात लावायचा नाही.”

“बरं.”

चाळीस बोकड पुढच्या दाराशी आले आणि थांबले. पहिल्यानं आत हुंगलं आणि चारही पाय जमिनीत रोवले. मागच्या एकोणचाळिसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

बोकड कापायला आलेल्या हिरामणनं दावं उचललं.

“ओढायचं नाही,” केसरीनाथ म्हणाला. “कलम सात.”

“मग चापट मारू?”

“मारायचं नाही. भेदरवायचंही नाही.”

“मग विनंतीअर्ज देऊ का त्यांना?” हिरामणनं दावं खाली टाकलं. “साहेब, पुढारी सोडा.”

केसरीनाथचे कान टवकारले. या प्रकरणात वरचं कोणीतरी असणार, हे त्याला वाटलंच होतं. “कोण पुढारी? नाव सांगा.”

“तेच नाव. तुमच्या टेबलाला बांधलाय तो. सगळ्यांना हौसेनं आत घेऊन जातो आणि आपण मागच्या दारानं बाहेर पडतो, म्हणून पुढारी. तीन वर्षं झाली, इथं कुणाला दावं ओढावं लागलं नाही.”

केसरीनाथनं धोंडूबाईकडे पाहिलं. “हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं कदी?”

केसरीनाथनं नोंदवही उघडली. पुढारी चारदा नोंदवहीत चढला होता, तोही त्याच्याच अक्षरात. कलम अकराप्रमाणे तो आता जिवंत बाहेर जाऊ शकत नव्हता. आणि भिवंडीची गटारी कोरडी गेली, तर एकतीस जुलैनंतर केसरीनाथ नगरपालिकेच्या दारातही दिसणार नव्हता.

“पुढं चालायचंच ना फक्त?” तो म्हणाला. “मी चालतो.”

“चाला की,” हिरामण म्हणाला. “त्याला काय बी.एस्सी. लागतंय?” त्यानं खणातली घंटा आणली आणि केसरीनाथच्या गळ्यात बांधली. खाटकाची गाठ, ती मानेमागं पक्की बसली.

केसरीनाथ दारातून आत गेला. घंटा वाजली. पहिल्या बोकडानं कान हलवले आणि पाय उचलला. एकामागून एक, न ओढता, न भेदरता, चाळीसच्या चाळीस आत निघाले. कलम सात इतकं सुरेख अमलात आलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या आनंदात तो आतला बोळ ओलांडून, पुढारीसारखाच, मागच्या दारानं बाहेर पडला.

पुढारी बाहेर पडला की धोंडूबाई दार लावत असे. आज दाराला धोंडा होता.

चाळीस बोकड त्याच्यामागं रस्त्यावर आले. केसरीनाथ थांबला तर ते थांबले. तो चालला तर ते चालले. तो गाठ सोडायला दोन्ही हात मानेमागं घेऊन पळू लागला, तेव्हा घंटा जास्त वाजली आणि तेही पळू लागले. पॉवरलूमच्या गल्लीत शिफ्ट सुटत होती.

“देखो, नया मुकादम आया है,” एक कामगार दुसऱ्याला म्हणाला.

“पगार किसका कटेगा?”

हिरामणच्या दुकानावरून वरात गेली, तेव्हा पिशव्यांची रांगही मागं लागली. ज्याची त्याची गटारी पळत चालली होती. केसरीनाथला एकच दार सुचलं. तो नगरपालिकेचा जिना चढून मुख्याधिकारी साहेबांच्या खोलीत घुसला. त्याच्यामागून बोकड आले, त्यांच्यामागून धापा टाकत हिरामण आणि धोंडूबाई.

साहेब खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. “हे काय आहे?”

“त्यातच तुमचे दोन किलो आहेत साहेब,” हिरामणनं टेबलावर चढलेल्या बोकडाकडे बोट केलं. “ठाण्याचे पाहुणे यायचेत म्हणाला होतात.”

साहेब पहिल्यांदाच ‘बघू’ म्हणाले नाहीत. त्यांनी धोंडूबाईकडून सगळं ऐकून घेतलं. “तो पुढारी सोडला तर हे परत जातील?”

“त्याच्या मागं जातील. न वढता.”

“मग सोडा.”

“सोडता येत नाही, साहेब,” केसरीनाथ म्हणाला. घंटा वाजली आणि चाळीस माना त्याच्याकडे वळल्या. “जनावर योग्य असेल तर कापायचं. अयोग्य असेल तर मारून चुन्यात पुरायचं. नोंदवहीत तिसरा रकाना नाही.”

धोंडूबाई पुढं झाली. “मंग त्याला जनावरात धरू नका, सायेब. त्यो ड्युटीवर हाय. तीन वर्सं झाली, एक खाडा न्हाय. पावसात बी येतो.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “तीन वर्षं,” ते म्हणाले, “आणि अजून तात्पुरता. हे बरं नाही.”

केसरीनाथनं टेबलाकडे पाहिलं. टेबलावरच्या बोकडाचा पाय काचेच्या गोळ्याला लागून गोळा गडगडला होता आणि केसरीनाथला कायम करण्याची फाईल उघडी पडली होती.

“साडेपाच, साहेब,” तो हळूच म्हणाला.

“लिहून घ्या,” साहेब म्हणाले. “कलम सातची अंमलबजावणी आजवर एकट्यानं केली. तक्रार नाही. रजा नाही. अशा माणसाला… असो. आजच्या तारखेनं.”

केसरीनाथ लिहू लागला. तुळजाला आज काय सांगायचं, ते त्यानं मनात तीनदा म्हणून पाहिलं. नावाच्या जागी आल्यावर तो थांबला. स्वतःचं नाव आपणच घालणं त्याला बरं दिसेना.

“नाव काय लिहू, साहेब?”

साहेबांनी धोंडूबाईकडे पाहिलं.

“पुढारी,” ती म्हणाली.

“पुढारी,” साहेब म्हणाले. “कायम करा.”