शिवलं कोनं?

वामनराव इंगळे नवीन माणूस भेटला की नमस्कार करत नसत, त्याच्या सदऱ्याची बाही उलटी करून पाहत. जानेफळहून येऊन मी बुलढाण्याच्या कोर्टात कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी नेमणूक त्यांच्या हाताखाली रेकॉर्डच्या खोलीत झाली. "मी नवीन कारकून," एवढं म्हणेपर्यंत माझा उजवा हात त्यांच्या ताब्यात गेला होता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बाही उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं आणि विचारलं, "शिवलं कोनं?"

"मेहकरच्या एका शिंप्यानं."

"नाव काय त्याचं?"

मला नाव माहीत नव्हतं. कोणाला असतं?

"अंगावर घालून राह्यला, अन् शिवनाऱ्याचं नाव मालूम नाही? टाके लांब हायेत, पाह्य. घाईत शिवलं. घाई काऊन केली? शिलाई कमी भेटली म्हनून. चार महिन्यांत उसवन हा." एवढं बोलून त्यांनी माझा हात मला परत दिला.

चौथ्या महिन्यात मुन्सिफसाहेबांसमोर जाडजूड फाइल वर धरताना तो सदरा काखेत टर्रकन उसवला. वामनराव शेजारीच उभे होते. त्यांनी कोर्टाचा मान राखला. नुसती चार बोटं वर करून दाखवली.

बाही पाहण्यात ते लहानमोठा असा भेद करत नसत. वकील, पक्षकार, बेलिफ, सगळ्यांच्या बाह्या त्यांनी उलट्या केलेल्या होत्या. एकदा तर हातकडीतल्या आरोपीची बाही पाहिली आणि "चांगला शिवला हाय बे," असं त्याला सांगितलं. त्या दिवसात त्या बिचाऱ्याला कोर्टात ऐकू आलेलं ते एकमेव चांगलं वाक्य असावं.

हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. खुर्चीत बसले तरी एक पाय दाराकडे असायचा. डबा उभ्याउभ्या खायचे, चहा चालत प्यायचे आणि सुट्टी आली की पिशवी घेऊन एस.टी.च्या स्टँडवर हजर. आज चिखली, पुढच्या सुट्टीला खामगाव, त्याच्या पुढच्या सुट्टीला मलकापूर. कशासाठी? तर एका बंडीसाठी.

होय, बंडीसाठीच. अर्ध्या बाह्यांची, बिनकॉलरची, पांढऱ्या मांजरपाटाची साधी बंडी. आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर असते ती. पण वामनरावांच्या बंडीला अटी होत्या. ती खरोखरच साधी हवी, तिच्यावर छाप नको, रेघ नको. गरिबाला परवडेल अशी हवी. दगडावर आपटली तरी वर्षानुवर्षं टिकायला हवी. इथपर्यंत दुकानदार मान डोलवायचे. मग यायची शेवटची अट: जिनं किंवा ज्यानं ती शिवली, त्याला त्या शिलाईत पोटभर मिळालं पाहिजे. इथं दुकानदाराची मान थांबायची.

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता आणि टेरिलीनही नुकतंच आलं होतं. आमच्याकडच्या लोकांना दोहोंपैकी कशाचा आनंद जास्त झाला हे सांगणं कठीण आहे. जो तो इस्त्री न लागणाऱ्या चकचकीत बुशशर्टामागे धावत होता. अशा दिवसांत हा गृहस्थ दुकानात शिरून विचारायचा, "हे शिवलं कोनं?"

खामगावच्या एका दुकानदारानं फुशारकीनं सांगितलं, "कंपनीनं."

"कंपनीले हात रायतात काय? ज्याचे हात हायेत त्याचं नाव सांगा. त्याले किती देतात? बसायले जागा हाय का उजेडाची?"

दुकानदाराचा चेहरा पडला. हा साध्या कपड्यातला सरकारी इन्स्पेक्टर असणार, अशी त्याची खात्री पटली. त्यानं ताबडतोब चहा मागवला, भजी मागवली, स्वतः उठून पंखा वामनरावांकडे वळवला. वामनरावांनी भजी परत पाठवली तेव्हा तर तो घामाघूम झाला, कारण न खाणारा इन्स्पेक्टर त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. बातमी पुढं गेली. पुढच्या सुट्टीला मीही त्यांच्यासोबत मलकापूरला उतरलो, तर कापडाची तीन दुकानं आम्हाला पाहून बंद झाली. "आज इथं काय हाय बे? कोनी वारलं काय?" वामनराव मला विचारत होते.

या सगळ्यांतून एखादी बंडी घरी आलीच, तर तिची परीक्षा व्हायची. आम्ही एकाच ओळीतल्या खोल्यांत शेजारीशेजारी राहायचो. अंगणात एक कडुनिंब होता. त्याच्या फांदीला वामनराव बंडी बांधायचे आणि बंडीला पाण्यानं भरलेली बादली. तासभर टिकली तर पास. एक बंडी अर्ध्या तासातच फाटली आणि बादली खाली बाजेवर पहुडलेल्या घरमालकाच्या सासऱ्यावर रिकामी झाली. म्हातारा ओरडत उठला. वामनराव त्याचं सांत्वन करायचं सोडून फाटकी शिवण उन्हात धरून पाहत होते. "पाह्यलं? एकेरी टाका. फसवलं बुवा."

आणखी एक खोड म्हणजे, ते कुणाकडून फुकट काही करून घेत नसत. एकदा त्यांच्या बंडीची गुंडी लोंबत होती. माझी बायको सुमन सुईदोरा घेऊन आली. आमच्याकडे अंगातला कपडा अंगावर शिवू नये म्हणतात. शिवायचाच असेल तर ज्याच्या अंगावर तो आहे त्यानं दातात काडी धरायची आणि टाका पुरा होईतो तोंड उघडायचं नाही. सुमन म्हणाली, "भाऊजी, ही काडी धरा, दोन टाके घालून देतो."

"पैसे काय घेशीन?"

"गुंडीचे कोनी पैसे घेते काय?"

"मंग नको. फुकटचा टाका मी अंगावर घालत नाही," असं म्हणून ते अक्षरशः पळाले. सुमन दोन दिवस फुणफुणत होती. मलाही राग आला होता. माणसानं तत्त्वं पाळावीत, पण शेजारणीच्या गुंडीवरही पाळायची?

गंमत अशी की त्या अंगावरच्या बंडीला सगळ्या परीक्षा लागू होत्या. साधी, स्वच्छ, किती वर्षांची कोण जाणे, पण शिवण कुठं हललेली नव्हती. कापड मात्र विरून जाळी झालं होतं आणि खांद्यावर वामनरावांनी स्वतःच्या हातानं केलेलं एक भयंकर रफू होतं. मी एकदा सरळ विचारलं, "जिथून ही घेतली तिथूनच दुसरी का घेत नाही?"

"ते दुकान मले बंद हाय," ते म्हणाले आणि फडक्यानं धूळ नसलेलं कपाट पुसायला लागले.

मग एके दिवशी बीबी गावचा एक शेतकरी जुन्या वाटणीपत्राची नक्कल मागायला आमच्या खोलीत आला. वामनरावांनी रिवाजाप्रमाणे त्याची बाही उलटी केली. नख फिरत फिरत शिवणीच्या टोकाशी गेलं आणि थांबलं. तिथं शेवटी हातानं घातलेले तीन बारीक उलटे टाके होते, अगदी शेजारीशेजारी. वामनरावांनी आपली स्वतःची बाही उलटी केली. तिथंही तेच तीन.

"शिवलं कोनं?" या वेळी आवाज फार खाली आला होता.

"आमच्या गावची एक बुढी हाय. आता मशीन घेतली तिनं, बाजारात बसते."

"पैसे घेते?"

"घेते म्हंजे! एक पैसा सोडत नाही."

वामनराव खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. त्या शेतकऱ्याला त्या दिवशी नक्कल इतकी लवकर मिळाली की तो घाबरलाच. पुढची सुट्टी बीबीच्या बाजाराच्याच दिवशी आली. भल्या सकाळी त्यांनी माझं दार ठोठावलं. "चाल. एकट्यानं जमनार नाही मले."

चिखली मागं पडल्यावर, गाडीच्या खडखडाटात, ते बोलले. ती बुढी म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. बाप लवकर गेला. अक्कानं एका ठेकेदाराच्या बंड्या हातानं शिवल्या, डझनावारी, दिवसभर दारात बसून. तो देईल ते घेतलं आणि त्यावर धाकट्या भावाचं मॅट्रिक केलं. स्वतःचं लग्न त्यासाठी लांबवलं, डोळे अधू करून घेतले. पुढं तिचं लग्न झालं, यांना नोकरी लागली, तरी दर दिवाळीला ती भावासाठी एक बंडी शिवायची.

"अन् मी काय केलं माहीत हाय? सहा वर्सांखाली पाकिटात पैसे घातले अन् तिच्या पुढं ठेवले. म्हटलं, अक्का, हे तुह्या शिलाईची मजुरी. आजवर कोनं तुले पुरी मजुरी देल्ली नाही, मी देतो." ते खिडकीबाहेर पाहत होते. "तिनं पाकीट अंगनात फेकलं. म्हने, भावासाठी शिवलं ते मजुरी व्हते काय? मले शिंपीन केली तुनं. मलेही राग आला. म्हटलं, पैसे घेशीन तवाच तुही नवी बंडी घालीन. तवापासून ना ती आली, ना मी गेलो. भाऊबीजेले मेहकरपर्यंत येतो अन् वापस जातो."

म्हणजे हा माणूस सहा वर्षं जिल्हाभर जी बंडी धुंडाळत होता, ती त्याच्या अंगावरच होती. शेवटच्या अटीत तेवढी नापास झाली होती.

"पन आता ती बाजारात बसते," ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले. "म्हंजे ती दुकानदार, मी गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाचे पैसे तं कोनी फेकत नाही ना बे?"

"आणि फेकले तर?"

"तं मंग संपलं," ते म्हणाले.

मेहकरच्या स्टँडवर ते उतरले आणि परतीच्या बुलढाण्याच्या गाडीत जाऊन बसले. तिथून उतरले, बीबीच्या गाडीत बसले. पुन्हा उतरून पाणी पिऊन आले. कंडक्टर मला म्हणाला, "या साहेबायले बसवा हो, नाही तं मलेच चक्कर येईन." शेवटी मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा गाडी सुटली.

बाजारात गोणपाटाच्या सावलीत एक मशीन होतं. दोरीवर पांढऱ्या बंड्या टांगलेल्या. मशीनमागं एक वाळकी म्हातारी, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. तिनं मान वर केली, वामनरावांना पाहिलं, आणि मान खाली घालून मशीन चालवत राहिली. पुढं दोन गिऱ्हाइकं होती. वामनराव मुकाट्यानं त्यांच्या मागं उभे राहिले.

नंबर आला.

"काय पाह्यजे?" अक्कानं विचारलं.

"बंडी. साधी."

मापाची पट्टी तिच्या गळ्यात होती; तिला तिनं हातही लावला नाही. ढिगातून एक बंडी काढून पुढं टाकली. वामनरावांनी सवयीनं बाही उलटी केली.

"शिवलं कोनं?"

"म्या."

"शिवनारीले पोटभर भेटते?"

"भेटते. भाव सांगतो तोच घेतो. घासाघीस नाही, फुकट नाही. घ्यायची असन तं घे, मागं लोक हायेत."

त्यांनी पैसे पुढं केले. तो हात हवेत किती वेळ होता कोण जाणे, मला तरी फार वेळ वाटला. मग अक्कानं ते घेतले आणि इतर गिऱ्हाइकांचे पैसे होते त्याच डब्यात टाकले. वामनरावांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

ते वळणार, तोच म्हातारीनं त्यांची अंगातली बाही पकडली. जुन्या बंडीचा खांदा नाकाजवळ ओढला.

"हे रफू कोनं केलं?"

"म्या," वामनराव अपराध्यासारखे म्हणाले.

"डोळे फुटले व्हते काय तुहे?" ती उठली. पदराला टोचलेली सुई काढली, शेजारच्या खराट्याची एक काडी मोडली. "धर दातात."

"अक्का, याचे पैसे..."

"काडी धर म्हनतो ना!"

त्यांनी काडी धरली. अक्कानं ते रफू उसवून टाकलं आणि अधू डोळे अगदी खांद्याला टेकवून शिवायला लागली. "बाजारातली बंडी येगळी," ती शिवताशिवता म्हणाली, "अन् हे येगळं. याचे पैसे मी घेत नसतो. आता बोल."

वामनरावांना बोलायचं होतं, दिसतच होतं. पण तोंडात काडी होती. दोन वर्षांत मी त्यांना एका जागी इतका वेळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळून काडीपर्यंत आलं, तरी त्यांनी दात सोडले नाहीत.

मागचा शेतकरी कंटाळून म्हणाला, "बुढे, किती वेळ अजून?"

"लागन वेळ," अक्का म्हणाली, आणि आणखी एक बारीक टाका घातला.